विश्लेषण : पासपोर्टवर माहेरचे नाव, आधारवर सासरचे, जोडीदार व्हिसाचे घोडे कुठे पेंड खाते?

तुळशीचे लग्न लागले की वर्धा जिल्ह्यातील मंगल कार्यालयांच्या तारखा भराभर भरतात. परदेशात नोकरीला असलेल्या मुलांची लग्ने तीन-चार आठवड्यांच्या सुट्टीत उरकली जातात. हळद, लग्न, रिसेप्शन, कुलदैवताचे दर्शन झाले की नवरदेव विमानात बसतो. नवरी मागे राहते, कागदपत्रांची फाइल घेऊन. याच फाइलमधला एक कागद अनेकांचे महिने खातो. तो म्हणजे पोलिस क्लिअरन्स सर्टिफिकेट, म्हणजेच पीसीसी. त्यावर एक नाव, आधारवर दुसरे आणि लग्नपत्रिकेत तिसरे! अशा वेळी काय करावे आणि मुख्य म्हणजे काय करू नये?

पीसीसी नेमके देते कोण?

पहिला गोंधळ इथेच होतो. वर्ध्यात ‘पोलिसांचा दाखला’ म्हटले की लोक पोलिस अधीक्षक कार्यालयाच्या चारित्र्य पडताळणी दाखल्यासाठी ऑनलाइन अर्ज करतात. तो दाखला नोकरी, कंत्राट, सुरक्षारक्षकाचे काम यासाठी चालतो. परदेशात स्थायिक होण्यासाठीच्या व्हिसाला भारतीय पासपोर्टधारकाने द्यायची पीसीसी मात्र पासपोर्ट कार्यालयातून घ्यावी. वर्धा जिल्हा नागपूरच्या प्रादेशिक पासपोर्ट कार्यालयाच्या कक्षेत येतो. पूर्वी पीसीसीसाठी मोठ्या पासपोर्ट सेवा केंद्रातच जावे लागे. २८ सप्टेंबर २०२२ पासून टपाल कार्यालयांतील पासपोर्ट सेवा केंद्रांतही हा अर्ज करता येतो. त्यामुळे आर्वी, हिंगणघाट किंवा समुद्रपूरच्या मुलीला वर्ध्यातच काम उरकता येते. शुल्क ५०० रुपये आहे. अर्जात कोणत्या देशासाठी पीसीसी हवी ते लिहावे लागते.

कोणत्या व्हिसासाठी ती लागते?

प्रत्येक व्हिसाला नाही. नवरा अमेरिकेत एच-१बी व्हिसावर असेल आणि पत्नी एच-४ वर जात असेल, तर साधारणपणे पीसीसी मागत नाहीत. नवरा अमेरिकी नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असेल आणि पत्नी स्थलांतरित व्हिसावर जाणार असेल, तर मात्र १६ वर्षांवरील अर्जदाराला ती द्यावीच लागते. कॅनडा गेल्या १० वर्षांत सलग ६ महिने किंवा अधिक काळ जिथे राहिलात त्या देशांची पीसीसी मागतो. ऑस्ट्रेलियाच्या जोडीदार व्हिसासाठी गेल्या १० वर्षांत एकूण १२ महिने जिथे राहिलात त्या देशांची लागते. म्हणून आधी आपल्या व्हिसाचा प्रकार आणि त्या देशाच्या अधिकृत संकेतस्थळावरची यादी पाहावी. शेजारच्या मुलीला लागली म्हणून आपल्यालाही लागेल, असे नाही.

नावांत एवढा फरक पडतो कुठे?

याचे मूळ आपल्या नाव लिहिण्याच्या पद्धतीत आहे. आपण स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असे तीन भाग लिहितो. लग्न झाले की त्यातले दोन भाग बदलतात. काही घरांत आजही नवरीचे नाव ताटातल्या तांदळावर अंगठीने लिहून पहिले नावही बदलतात. म्हणजे तिन्ही भाग नवे. आपल्याला त्यात काही वावगे वाटत नाही. पण परदेशातल्या व्हिसा अधिकाऱ्याला ती दोन वेगळ्या बायकांची नावे दिसतात.

त्यात वऱ्हाडी-नागपुरी भर असते. वडिलांचे नाव शाळेच्या दाखल्यावर ‘देवराव’, आधारवर ‘देवरावजी’ आणि सातबाऱ्यावर नुसते ‘देवा’. वानखेडे, गावंडे अशी आडनावे इंग्रजीत ‘डब्ल्यू’ने लिहायची की ‘व्ही’ने, हे त्या दिवशी फॉर्म भरणाऱ्याने ठरवलेले असते. ‘ठाकरे’मध्ये एक ‘ए’ की दोन, याचाही हिशोब कुणी ठेवलेला नसतो.

पासपोर्टवर तर तीन रकाने नसतातच. तिथे ‘गिव्हन नेम’ आणि ‘सरनेम’ असे दोनच रकाने आहेत. वडिलांचे नाव पहिल्या रकान्यात घालायचे की वगळायचे, हे प्रत्येकाने आपापल्या समजुतीने केलेले असते. काहींचा आडनावाचा रकानाच रिकामा राहतो आणि अमेरिकी व्हिसावर पहिल्या नावाच्या जागी ‘एफएनयू’, म्हणजे पहिले नाव अज्ञात, अशी अक्षरे येतात.

मग पीसीसीवर कोणते नाव येते?

पासपोर्टवरचे. पीसीसीवर पासपोर्ट क्रमांक असतो आणि नावही पासपोर्टच्या नोंदीतूनच घेतलेले असते. आधारवर किंवा मतदार ओळखपत्रावर काहीही असले, तरी त्याने पीसीसीवरचे नाव बदलत नाही.

म्हणजे पासपोर्टवर माहेरचे नाव असताना ‘पीसीसीवर तेवढे सासरचे नाव टाकून द्या’ ही विनंती मान्य होण्यासारखी नाही. नाव बदलायचेच असेल, तर आधी पासपोर्ट बदलावा लागतो, मग पीसीसी. हा क्रम उलटा झाला की दोन्ही कामे पुन्हा करावी लागतात.

माहेरच्या नावाची पीसीसी चालते का?

चालते. बहुतेक घरांत हीच गोष्ट कुणी ठामपणे सांगत नाही. लग्नानंतर नाव बदललेच पाहिजे, असा कोणताही कायदा नाही. डिसेंबर २०१६ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने पासपोर्टचे नियम सोपे करताना विवाहितांसाठी असलेली विवाह प्रमाणपत्राची अट काढली. एप्रिल २०१७ मध्ये लग्नानंतर महिलांना पासपोर्टवरचे नाव बदलण्याची गरज नाही, असे खुद्द पंतप्रधानांनी जाहीर केले.

म्हणून पासपोर्टवर माहेरचे नाव असेल, तर व्हिसाचा अर्जही त्याच नावाने भरावा. पीसीसी त्याच नावाची येईल आणि दोन्ही कागद आपोआप जुळतील. अर्जात ‘याआधी किंवा याशिवाय वापरलेली नावे’ असा रकाना असतो. तिथे सासरचे नाव लिहावे. आधार, पॅन, बँक खाते, लग्नपत्रिका, यांपैकी कुठेही ते वापरले असेल तरी लिहावे. दोन्ही नावांना जोडणारा पूल म्हणजे विवाह नोंदणीचा दाखला.

हा दाखला आधी नीट वाचून घ्या. महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्यानुसार विवाहाची नोंदणी होते. गावात ग्रामपंचायतीत, शहरात नगरपरिषदेत. नोंदणीच्या वेळी वधूचे लग्नाआधीचे नाव पासपोर्टवरच्या इंग्रजी स्पेलिंगप्रमाणेच लिहून घ्या. अर्ज करताना पासपोर्टची झेरॉक्स समोर ठेवली, तर पुढचे अर्धे दुखणे वाचते. नोंदणीच्या दाखल्यातच चूक राहिली, तर दोन नावे जोडणारा कागदच तिसरे नाव सांगू लागतो.

पासपोर्टवर सासरचे नाव हवेच असेल तर?

तो निर्णय मुलीचा आहे. पण तो व्हिसाचा अर्ज करण्याआधी घ्यावा, मध्येच नाही. पासपोर्टमधील कोणताही तपशील बदलायचा तर नवी पुस्तिका घ्यावी लागते. ३६ पानी पासपोर्टचे साधे शुल्क १,५०० रुपये आहे. तत्काळला आणखी २,००० रुपये लागतात. पासपोर्टच्या नोंदीत फक्त पतीचे नाव घालून स्वतःचे नाव तसेच ठेवता येते, हेही लक्षात ठेवा.

पहिले नावच बदलले असेल, तर काम वाढते. फक्त विवाहाच्या दाखल्यावर सहसा भागत नाही. राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करून घ्यावा लागतो. म्हणून तांदळावर लिहिलेले नाव घरात हौसेने हाक मारायला ठेवावे. कागदावर आणायचे असेल, तर त्याची किंमत आधी मोजून घ्यावी.

आधारचाही विचार करा. आधारवरचे नाव आयुष्यात दोनदाच बदलता येते. घाईघाईत चुकीचे स्पेलिंग नोंदवले, तर एक संधी वाया जाते.

पीसीसी हातात आल्यानंतर पासपोर्ट बदलला तर? जुन्या पीसीसीवर जुने नाव आणि जुना पासपोर्ट क्रमांक राहतो. अशा वेळी नव्या पासपोर्टवर नवी पीसीसी काढणे हाच शहाणपणा आहे. खर्च ५०० रुपयांचा, आणि वकिलातीकडून पुन्हा कागद मागवले गेले तर जाणारे महिने त्याहून फार महाग असतात.

पोलिस पडताळणीत काय होते?

अर्जानंतर गरजेनुसार तो संबंधित पोलिस ठाण्याकडे पडताळणीसाठी जातो. इथे दुसरी अडचण येते ती पत्त्याची. पासपोर्टवर पुलगावचे माहेर, राहणे हिंगणघाटच्या सासरी. घरी आलेल्या अंमलदाराला दारावर एक आडनाव दिसते, अर्जावर दुसरे. शेजारी तर तिला ‘अमक्याची सून’ एवढेच ओळखतात.

उपाय साधा आहे. अर्जात सध्याचा पत्ता खरा लिहा. सासरी येऊन वर्षही झाले नसेल, तर आधीचा पत्ता लपवू नका. ‘इतर नावाने ओळखले जाता का’ आणि ‘कधी नाव बदलले आहे का’ या प्रश्नांची उत्तरे घाईत ‘नाही’ अशी टिकवू नका. पडताळणीच्या दिवशी पासपोर्ट, आधार, विवाहाचा दाखला आणि पत्त्याचा पुरावा एकत्र ठेवा. शेजारच्या दोन घरांना मुलीचे पासपोर्टवरचे नाव सांगून ठेवा. अहवाल प्रतिकूल किंवा अपूर्ण गेला, तर पुन्हा नवा अर्ज करण्याआधी नागपूरच्या कार्यालयात कागदांसह खुलासा द्या.

नोटरीच्या प्रतिज्ञापत्राने भागते का?

थोड्याफार फरकाला मदत होते. ‘देवराव’ आणि ‘देवरावजी’ हे एकच, किंवा आडनावाची दोन स्पेलिंगे एकाच व्यक्तीची, हे सांगणारे प्रतिज्ञापत्र अर्जासोबत जोडता येते. पण ते पूरक कागद आहे. पासपोर्टवरचेच नाव चुकीचे असेल, तर शंभर प्रतिज्ञापत्रांनी ते बरोबर होत नाही. तिथे जन्मदाखला किंवा दहावीच्या प्रमाणपत्राच्या आधारे पासपोर्टच दुरुस्त करावा लागतो. पासपोर्ट बरोबर आणि पीसीसीवरच चूक छापली गेली असेल, तर पासपोर्ट कार्यालयाकडून ती दुरुस्त करून घ्यावी. पेनाने खाडाखोड तर मुळीच करू नये.

फरक लपवला तर?

खरे नुकसान इथे होते. नावातला फरक हा गुन्हा नाही, तो दडवणे मात्र महागात पडते. पासपोर्ट कायदा १९६७ च्या कलम १२ नुसार पासपोर्ट मिळवण्यासाठी जाणूनबुजून खोटी माहिती दिली किंवा महत्त्वाची माहिती दडवली, तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकते. कॅनडात महत्त्वाची माहिती चुकीची दिल्याचे किंवा दडवल्याचे ठरले, तर पाच वर्षे प्रवेश बंद होतो. ‘इतर नावे लिहिली तर शंका येईल, रिकामेच सोडा’ असा सल्ला देणारा एजंट फी घेऊन मोकळा होतो. पाच वर्षे नवरा तिकडे आणि बायको इकडे, ही शिक्षा मात्र त्या दोघांना भोगावी लागते.

पीसीसी कधी काढावी?

फार आधीही नको. कॅनडासाठी, ज्या देशात सध्या राहता तिथली पीसीसी अर्जाच्या तारखेआधी सहा महिन्यांपेक्षा जुनी चालत नाही. अमेरिकेच्या स्थलांतरित व्हिसासाठी ती साधारण दोन वर्षे ग्राह्य धरतात. म्हणून क्रम पक्का ठेवा : आधी नावाचा निर्णय, मग विवाह नोंदणी, नंतर लागल्यास पासपोर्टमध्ये बदल, त्यानंतर पीसीसी आणि शेवटी व्हिसाचा अर्ज.

प्रश्न फक्त अर्जदाराचा आहे का?

नाही. नवऱ्याचे नाव जन्मापासून एकच राहते. कागद जुळवण्याची वणवण जवळजवळ नेहमी बायकोच्याच वाट्याला येते. सरकार एकीकडे सांगते की नाव बदलण्याची सक्ती नाही. दुसरीकडे बँकेच्या खिडकीपासून रेशन दुकानापर्यंत ‘लग्न झाले ना, मग नाव का नाही बदलले?’ हा प्रश्न तिला विचारला जातो. त्या दबावाखाली आधार बदलले जाते, पासपोर्ट तसाच राहतो आणि फरक तयार होतो.

यावर दोन उपाय सरकारच्या हातात आहेत. विवाह नोंदणीच्या प्रत्येक दाखल्यावर वधूचे आधीचे आणि नंतरचे नाव इंग्रजीतही ठळक छापावे. ती नाव बदलणार नसेल, तर तसेही नमूद करावे. आणि पीसीसीच्या अर्जात इतर नावे विचारली जातातच, तर अर्जदाराने मागितल्यास ती दाखल्यावर छापून देण्याची सोय जाहीरपणे असावी. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात महाराष्ट्राने आईचे नावही आणले आहे. निर्णय स्वागतार्ह आहे. पण चार भागांचे हे नाव पासपोर्टच्या दोन रकान्यांत कसे बसवायचे, याची स्पष्ट सूचना आजच दिली नाही, तर वीस वर्षांनी हाच गोंधळ नव्या रूपात उभा राहील.

तोवर घरच्यांनी एवढे करावे. लग्नाच्या याद्यांमध्ये आणखी एक यादी ठेवावी : मुलीचे पासपोर्टवरचे नाव, अक्षर न् अक्षर. आहेर आणि रुखवत महिनाभरात विसरले जातात. या यादीतले एक अक्षर मात्र तिचे वर्ष वाचवू शकते.