जमिनीखालचे रान

मृग लागायच्या आत खड्डे व्हावेत आणि रोपे बांधावर पोचावीत, या धांदलीत आमचे बहुतेक वाचक सध्या असतील. त्यांना एक विनंती आहे. खड्डा घेण्याआधी त्याच शेतातले जुने खुंट पाहा.

टोनी रिनाउडो हे ऑस्ट्रेलियन कृषितज्ज्ञ १९८१ मध्ये नायजरमधल्या मराडी भागात गेले. सहाराच्या दक्षिण काठचा हा मुलूख. शेतांतली झाडे सफा झालेली. वाऱ्यावर येणारी वाळू कोवळी बाजरी गाडून टाकायची आणि पेरणी पुन्हा करावी लागायची. लावलेली बहुतेक रोपे मरत होती. १९८३ मध्ये वाटेत गाडीच्या चाकांतली हवा कमी करायला थांबले असता त्यांनी कडेच्या एका झुडपाची पाने नीट न्याहाळली. ते झुडूप नव्हतेच. तोडलेल्या झाडाच्या खुंटाला आलेला तो फुटवा होता. असे खुंट शेताशेतांत होते आणि शेतकरी दर पेरणीआधी ते छाटून जाळत होते. पहिल्याच उन्हाळ्यात रोप ज्या ओलीसाठी तडफडते, तिथवर या मुळांची पोच आधीपासूनच होती.

पुढचे काम आपल्याला नवे नाही. खुंटावरचे तीन-चार जोमदार कोंब राखायचे, बाकीचे काढायचे, राखलेल्यांच्या खालच्या फांद्या छाटायच्या आणि गरजेप्रमाणे एखादा कोंब सरपणाला घ्यायचा. तिथले 'गाओ' हे झाड बाभळीच्या गोतातले. ते ऐन पावसाळ्यात पाने गाळते, त्यामुळे बाजरीवर सावली पडत नाही. कोरड्या दिवसांत त्याच्या शेंगा गुरांना होतात. उपग्रहचित्रांवरून अभ्यासकांनी काढलेला अंदाज असा, की नायजरमध्ये सुमारे ५० लाख हेक्टर शेतजमिनीवर २० कोटींच्या आसपास झाडे अशी परत आली.

मात्र हे नुसत्या छाटणीने झाले नाही. १९८४ च्या दुष्काळात धान्याच्या बदल्यात हेक्टरी ४० झाडे राखायला लावली होती. धान्य थांबताच अनेकांनी ती तोडली. फ्रेंच अमदानीपासून झाड सरकारचे मानले जाई, मग ते जपायचे कोणासाठी? या नियमाची अंमलबजावणी सैल झाली, राखलेले झाड आपले आहे याची खात्री पटली आणि गावाने शेळ्या व लाकूडचोरी यांचे नियम ठरवले, तेव्हा रान टिकले.

आपल्याकडे हिवरे बाजारसारख्या गावांनी कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी करून डोंगर हिरवे केले. शेतातही चराईबंदी हवीच, कारण मोकाट शेळी कोंब वर येऊ देत नाही आणि एकटा खातेदार तिला अडवू शकत नाही. कुऱ्हाडीचे मात्र उलटे आहे. कोकणात राबासाठी ऐनाचा कवळ तोडणारा शेतकरी झाड मुळासकट काढत नाही, कारण पुढच्या वर्षी त्याला पुन्हा कवळ हवा असतो. जे तोडता येते, तेच शेतकरी राखतो. १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्यानुसार साग, ऐन, जांभूळ स्वतःच्या जमिनीतले असले तरी तोडायला परवानगी लागते. पुढची कटकट नको म्हणून सागाचा कोंब अंगठ्याएवढा असतानाच काढला जातो, त्यात दोष शेतकऱ्याचा नाही. तोडणी-वाहतुकीचे नियम सुटसुटीत करावेत, असे २०१४ च्या राष्ट्रीय कृषिवानिकी धोरणात लिहिले आहे. वनाबाहेरचा बांबू २०१७ मध्ये 'झाडा'च्या कायदेशीर व्याख्येतून वगळला गेला. शेतातल्या सागा-ऐनालाही तशी मोकळीक मिळाली पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

पिढ्यान्‌पिढ्या खोल नांगरलेल्या काळ्या रानात खुंट उरलेले नाहीत. तिथे रोपेच लावावी लागतील. पण वरकस जमिनीत, माळावर, बांधाकडेला साग, ऐन, पळस, धावडा, टेंभुर्णी अजून फुटतात. यंदा पहिल्या पावसानंतर गावकऱ्यांना बरोबर घेऊन अशा शेतांतून एक फेरी मारा, जिवंत खुंटांना खूण करा, मालकाशी बोला आणि मगच खड्ड्यांचा आकडा ठरवा.