जपणूक आणि मोकळीक

महासाथीमुळे 2020 मध्ये रद्द झालेली अमेरिकेतील महाविद्यालयीन पुरुषांची राष्ट्रीय बास्केटबॉल स्पर्धा मार्च 2021 मध्ये इंडियाना राज्यात पुन्हा सुरू झाली. मोजक्या प्रेक्षकांत शिकागोच्या लोयोला संघाच्या आध्यात्मिक मार्गदर्शक सिस्टर जीन होत्या. वय 101, लस घेतलेली, चाकाची खुर्ची.

जपण्याच्या नावाखाली आपण वृद्धांना घरात कोंडतो. परंतु सतत बसून राहिल्याने स्नायू क्षीण होतात, तोल बिघडतो, मनही खचते. म्हणून त्यांना कोठे जावेसे वाटते, हे आधी विचारा. मग लस, औषधांच्या वेळा, पाणी, स्वच्छतागृह व परतीचे वाहन यांची तजवीज करा. आणि ज्येष्ठांनो, काठीने वा चाकाच्या खुर्चीने उंबरठा ओलांडता येत असेल, तर संकोच कसला?