टक्केवारीत न सापडणारी उचलेगिरी

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीने वाङ्‌मयचौर्य टक्क्यांत मोजले. प्रबंधातील साम्य १० टक्क्यांपर्यंत असल्यास शिक्षा नाही. ६० टक्क्यांहून अधिक असल्यास नोंदणीच रद्द. संदर्भासह दिलेली अवतरणे या गणतीतून वगळली जातात. तरीही संदर्भ देण्यापेक्षा आकडा उतरविण्याचीच धडपड व्हावी, हे स्वाभाविक होते.

संगणकप्रणाली मुख्यतः जुळणारे शब्द शोधते. इंग्रजी ग्रंथातील प्रकरण मराठीत उतरवून मूळ लेखकाचे नाव गाळल्यास ती बहुधा गप्प राहते. वास्तविक नियमावलीच्या व्याख्येत दुसऱ्याची कल्पना आपली म्हणून मांडणे हेही चौर्यच आहे. बरीचशी संदर्भसामग्री इंग्रजीत असल्याने भारतीय भाषांतील प्रबंधांना हा मोह अधिक. अनुवादित परिच्छेदालाही तळटीप हवी. ती आहे की नाही, हे मूळ ग्रंथ वाचलेला मार्गदर्शकच ओळखू शकतो, आणि प्रबंध चौर्यमुक्त असल्याचे प्रमाणपत्रही नियमानुसार त्यालाच द्यावे लागते.