सीनच्या अनामिकेची कथा पुरे. आता तिच्या सुट्या भागांचा इतिहास वाचा

दर काही महिन्यांनी तीच कथा नव्या करुण संगीतासह फिरू लागते. पॅरिसच्या सीन नदीत एक अज्ञात तरुणी बुडाली, शवागारात कोणी तिच्या मुखाचा साचा घेतला, आणि तोच चेहरा पुढे कृत्रिम श्वसन शिकवणाऱ्या बाहुलीला लाभला. म्हणून ती ‘जगात सर्वाधिक चुंबिलेली स्त्री’!

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तो मुखवटा पॅरिसमध्ये प्रचलित होता, हे खरे. त्या तरुणीचे नाव, वय, मृत्यूचा दिवस यांपैकी मात्र काहीही कोणास ठाऊक नाही. पाण्यात राहिलेला चेहरा फुगतो. असे नितळ गाल आणि असे मंद स्मित त्यावर उरत नाही. म्हणूनच हा साचा जिवंत स्त्रीचा असावा, असे अनेक जाणकार मानतात.

बाहुलीचा इतिहास मात्र पक्का आहे. नॉर्वेतील स्टाव्हांगर शहरी खेळणी बनवणारे ओस्मुंड लेर्दाल यांना मऊ प्लास्टिक घडवण्याचे कसब होते. पीटर साफर आणि ब्यॉर्न लिंड या भूलतज्ज्ञांच्या सहवासातून त्यांनी १९६० साली ‘रेसुसी ॲन’ घडवली, ती केवळ श्वास देण्याच्या सरावासाठी. त्याच वर्षी कॉवेनहोव्हन, ज्यूड आणि निकरबॉकर यांनी बाहेरून छाती दाबून रक्ताभिसरण चालू ठेवण्याची पद्धत प्रसिद्ध केली. मग साफर यांच्या सूचनेवरून बाहुलीच्या छातीत एक स्प्रिंग बसली. विद्येच्या इतिहासातले हे खरे वळण. पण त्यावर कोणी चित्रफीत काढत नाही!

पुढे १९८०च्या दशकात एड्सची भीती पसरली. एकाच ओठांवर वर्गभर तोंडे टेकवायची कशी? चेहरा काढून विरंजक द्रावणात धुण्याचा, प्रत्येकास वेगळा चेहरा देण्याचा, फुप्फुसाची पिशवी आणि झडप बदलण्याचा काटेकोर आग्रह सुरू झाला. ज्या मुखावर आपण अश्रू ढाळतो, तो एक सुटा भाग आहे.

आणि सुटे भाग झिजतात. प्रौढाची छाती किमान ५ सेंटिमीटर दाबावी, ६ च्या पुढे जाऊ नये, मिनिटाला १०० ते १२० वेळा, असे आजचे शास्त्र सांगते. मऊ पडलेल्या स्प्रिंगवर शिकलेला हात खऱ्या बरगड्यांवर कमी पडतो. पिशवी फाटली की छाती वर येत नाही, मग श्वास आत गेला की बाहेर सांडला, हे शिकणाऱ्यास कळणार कसे? आपल्याकडे बाहुलीच्या खरेदीचा सोहळा होतो, छायाचित्रे निघतात. पिशव्यांसाठी पुढच्या वर्षी तरतूद नसते.

मी ज्या वर्गात हे शिकलो, तेथील बाहुलीची पिशवी फाटलेलीच होती. प्रशिक्षक म्हणाले, “समजा, छाती वर आली.” आम्ही चाळीस जणांनी तसे समजून घेतले आणि प्रमाणपत्रे घेऊन घरी गेलो.