हातवारा उलटवला, तर त्याचं नावही बदला

रडारसमोर केलेले हातवारे यंत्राला ओळखायला शिकवताना आमच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत एक चुकीची सवय रुजते आहे. ती वेळीच मोडायला हवी, असं मला मनापासून वाटतं. मी इलेक्ट्रॉनिक्स शिकवते आणि अंतिम वर्षाच्या प्रकल्पांना मार्गदर्शन करते. मुलं या विषयावर जीव टाकून काम करतात. तळहाताएवढा बोर्ड, त्यावर मिलिमीटर तरंगांचा सेन्सर. समोर हात फिरवला की दिवा लागतो, पंख्याचा वेग बदलतो. अहवालात अचूकता नव्याण्णव टक्के. चाचणी कोणाच्या हातावर घेतली, असं विचारलं की उत्तर येतं, "मॅडम, आमच्याच." गटातल्या चौघांचे हात, एकच खोली, एकच टेबल. बाकीची हजारो उदाहरणं त्याच नोंदी थोड्या सरकवून, ताणून, उलटवून संगणकावर तयार केलेली असतात. याला डेटा ऑगमेंटेशन म्हणतात.

हे तंत्र मुळात वाईट नाही, उलट ते लागतंच. रडारच्या नोंदी फोटोंसारख्या इंटरनेटवर ढिगाने मिळत नाहीत. गुगलने २०१५ मध्ये ‘प्रोजेक्ट सोली’ जाहीर केला आणि २०१९ च्या पिक्सेल ४ फोनमध्ये ६० गिगाहर्ट्झची रडार चिप बसवली, तेव्हा त्या चिपच्या शिकवणीसाठी हजारो स्वयंसेवकांकडून लाखो हातवारे नोंदवून घेतले होते. शिवाय हातवारे नसलेल्या इतर हालचालींच्या शेकडो तासांच्या नोंदी वेगळ्याच. एवढं बळ आपल्या जिल्ह्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयाकडे कुठून येणार? म्हणून आहे त्या नोंदी वाढवाव्या लागतात. प्रश्न फक्त त्या कशा वाढवतो एवढाच आहे.

मुलं ही युक्ती फोटोंकडून शिकतात. २०१२ मध्ये अ‍ॅलेक्सनेट या न्यूरल जाळ्याने चित्रं ओळखण्याच्या स्पर्धेत बाजी मारली. त्याला शिकवताना प्रत्येक चित्राचे वेगवेगळे तुकडे कापून आणि ते डावं-उजवं उलटवून वापरले होते. मांजर उलटवलं तरी मांजरच राहतं, म्हणून तिथे ते चाललं. रडारचं चित्र दिसायला चित्र असलं, तरी त्याच्या एका अक्षावर अंतर असतं आणि दुसऱ्यावर वेग. वेगाचा अक्ष उलटवला की जवळ येणारा हात लांब जाऊ लागतो. ढकलण्याची खूण ओढण्याची होते. मूल मात्र तिच्यावर ‘ढकलणे’ हीच चिठ्ठी ठेवतं आणि यंत्राला खोटं शिकवतं. उलटवायला माझी हरकत नाही, पण मग चिठ्ठीही बदलली पाहिजे. कोन मोजणारे अँटेना असतील, तर डावीकडचा हातवारा उलटवून उजवीकडचा मिळतो आणि तो उपयोगीही पडतो.

ताणण्याचंही तसंच. ६० गिगाहर्ट्झच्या तरंगाची लांबी पाच मिलिमीटर असते. हात सेकंदाला अर्धा मीटर वेगाने सेन्सरकडे आला, तर परतलेल्या तरंगाची वारंवारता २०० हर्ट्झने सरकते. हा हात ०.४ सेकंदात २० सेंटिमीटर पुढे येतो. आता सावकाश हातवाऱ्याचं उदाहरण हवं म्हणून मुलं तीच नोंद ०.८ सेकंदांपर्यंत ताणतात, पण वेगाचा अक्ष तसाच ठेवतात. त्या नोंदीतला वेग सांगतो, हात ४० सेंटिमीटर आला. अंतर सांगतं, २०. असा हात जगात कुठेच नाही. वेळ दुप्पट केली, तर ते सरकणं २०० वरून १०० हर्ट्झवर आणायलाच हवं. हात लांब नेऊन दाखवायचा असेल, तर परतणारी शक्तीही अंतराच्या चौथ्या घाताने घटवायला हवी: अंतर दुप्पट, तर शक्ती साधारण सोळाव्या हिश्शावर. हे सगळं मुलं तिसऱ्या वर्षात शिकून आलेली असतात. पायथनचं तयार लायब्ररी-फंक्शन हाताशी आलं की ते पुस्तकातच राहतं, याचं मला वाईट वाटतं.

मला सर्वांत जास्त काळजी पंख्याची आहे. पिक्सेल ४ भारतात विक्रीलाच आला नाही, कारण ६० गिगाहर्ट्झचा पट्टा तेव्हा इथे अशा वापरासाठी खुला नव्हता. त्यामुळे आपल्या घरातल्या पंख्यासमोर त्या चिपची कसोटी लागलीच नाही. आपल्या घरात छताला पंखा फिरतो, त्याच्या पात्यांच्या टोकाचा वेग सेकंदाला वीस मीटरच्या आसपास जातो. हातवाऱ्यांसाठी लावलेलं रडार सेकंदाला काही मीटरपर्यंतचाच वेग नीट मोजतं. त्यापुढचा वेग घडी पडून हाताच्या वेगासारखा दिसू लागतो. छताचा पंखा लांब असल्याने अंतरावरून पुष्कळसा गाळता येतो, जवळचा टेबल फॅन गाळता येत नाही. मनगटातल्या सोन्याच्या पाटल्या, धातूच्या पट्ट्याचं घड्याळ ही तर तळहातापेक्षाही ठळक चमकतात. प्रयोगशाळेत मात्र नोंदी घेताना पंखा बंद करतात, घड्याळ काढून ठेवतात. नोंद स्वच्छ येते आणि तिचा घराशी संबंध तुटतो.

इथे ऑगमेंटेशनचा खरा उपयोग आहे. रिकाम्या खोलीत नुसता पंखा चालू ठेवून नोंद घ्यावी आणि ती हातवाऱ्याच्या नोंदीत मिसळावी. परतलेले तरंग एकमेकांत मिळतात, त्यामुळे ही बेरीज निसर्गाला धरूनच आहे. ती कच्च्या सिग्नलवर, तरंगांची कला (फेज) राखून करायला हवी. तयार चित्रांचा उजळपणा एकमेकांवर थापून ती होत नाही. स्वयंपाकघरातली, कारखान्यातली, बसमधली अशी पार्श्वभूमी कोणीही नोंदवू शकतं. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२१ मध्ये साध्या व्हिडिओतून माणसाच्या हालचालींचा रडार सिग्नल तयार करण्याची पद्धत मांडली. तीही आपल्या मुलांनी जरूर वापरून पाहावी.

मात्र कितीही वाढवलं तरी चार हातांचे चाळीस हात होत नाहीत. मुलं आधी सगळ्या नोंदी वाढवतात आणि मग शिकवणी व चाचणी असे दोन भाग पाडतात. त्यामुळे एकाच नोंदीची एक प्रत शिकवणीत जाते, दुसरी चाचणीत. वर्गात सोडवून घेतलेलं गणित आकडे किंचित बदलून परीक्षेत विचारावं, तसं हे आहे. विभागणी आधी व्हावी, तीही माणसांप्रमाणे, म्हणजे ज्याचा हात शिकवणीत आहे तो चाचणीत नको. असं केलं की नव्याण्णवचा आकडा झरझर खाली येतो. मुलं हिरमुसतात. त्या उतरलेल्या आकड्यापाशीच त्यांचं खरं शिकणं सुरू होतं, म्हणून मी तो खोडू देत नाही.

हा आग्रह का? हे तंत्र ज्यांच्या कामाचं आहे, त्यांचे हात वीस वर्षांच्या मुलांसारखे नसतात. कंपवात झालेले आजोबा, संधिवाताने बोटं न वळणारी आजी, अर्धांगवायूनंतर एकच हात हलवू शकणारा माणूस. कॅमेरा न लावता, अंधारातही, चेहरा न टिपता मदतीची खूण ओळखणारा सेन्सर त्यांच्या खोलीत असावा. कंप संगणकावर खोटा तयार करता येईल, पण तो कसा असतो हे कळायला निदान काही खरे थरथरते हात, त्यांच्या संमतीने, नोंदवावेच लागतील. विद्यापीठांनी संलग्न महाविद्यालयांकडून अशा नोंदी, नावं वगळून, एका ठिकाणी जमवाव्यात. एकेका महाविद्यालयाला न झेपणारं काम त्यातून उभं राहील.

यंदा तोंडी परीक्षेला येणाऱ्या बहिस्थ परीक्षकांना माझी विनंती आहे. पंखा चालू करायला सांगा, हातातलं घड्याळ न काढता सेन्सरसमोर स्वतः हात फिरवा, आणि आधीच्या नोंदी कशा वाढवल्या ते नियमासकट विचारा. अनोळखी हातावर ऐंशी टक्के मिळाले, असं प्रामाणिकपणे लिहिणाऱ्या गटाला जास्त गुण द्या.