लिनक्ससाठी लॅपटॉप घेताना

लिनक्स विनामूल्य मिळते, म्हणून त्यास कोणताही लॅपटॉप चालेल, ही समजूत आम्हांस मान्य नाही. १९९१ साली जन्मलेले लिनक्स आज बहुतेक यंत्रांवर सुरू होते खरे. परंतु अडते ते बहुधा वायफायपाशी. इंटेलच्या वायफाय चिपांचे ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नेलमध्येच असतात. ब्रॉडकॉमच्या कित्येक चिपांचे निराळे मिळवावे लागतात. यास्तव प्रथम उबुंटूने प्रमाणित केलेल्या लॅपटॉपांची यादी पाहावी. मग दुकानातच पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून वायफाय व ध्वनी तपासावा, आणि झाकण मिटून उघडल्यावर यंत्र जागे होते ना, हेही पाहावे. यंत्रातील मूळ प्रणालीस याने धक्का लागत नाही. घरातील चार मुलांच्या अभ्यासास एकच लॅपटॉप यावयाचा असता दुकानदारापाशी एवढे मागण्यास संकोचू नये. भीड ही भिकेची बहीण होय.