क्वीन, सन सिटी आणि चाहत्यांचा सोयीस्कर इतिहास

१/ दरवर्षी १३ जुलै उजाडला की ‘लाइव्ह एड’मधल्या क्वीनच्या त्या वीसेक मिनिटांची चित्रफीत सर्वत्र फिरू लागते. १९८५ साली वेम्ब्लीवर फ्रेडी मर्क्युरीने जे केले ते अद्वितीय होते, याविषयी वाद नाही. वाद आहे तो नऊ महिने आधीच्या एका दौऱ्याविषयी. #धागा

२/ आरंभीच सांगतो, क्वीन हा माझा सर्वांत आवडता बँड. १९७४ च्या ‘क्वीन २’मधला दणकट हार्ड रॉक तर विशेष प्रिय. पाचगणीच्या शाळेत शिकलेला फारोख बुलसारा पुढे फ्रेडी झाला, याचे कौतुक मलाही आहे. म्हणूनच त्याच्या चरित्राची बखर झालेली पाहवत नाही.

३/ ऑक्टोबर १९८४ मध्ये क्वीनने दक्षिण आफ्रिकेतील सन सिटी येथे कार्यक्रमांची मालिका केली. ते ठिकाण काय होते, हे समजल्याखेरीज या कृतीचे गांभीर्य कळणार नाही.

४/ वर्णभेदी राजवटीने १९७७ साली बोफुथात्स्वाना हा प्रदेश ‘स्वतंत्र’ घोषित केला आणि तेथील त्स्वाना लोकांचे दक्षिण आफ्रिकी नागरिकत्व काढून घेतले. दक्षिण आफ्रिका आणि तिनेच उभारलेल्या अशा इतर बाहुल्या वगळता जगातील एकाही देशाने या स्वातंत्र्याला मान्यता दिली नाही.

५/ दक्षिण आफ्रिकेत जुगार बेकायदा होता. या कागदी देशात नव्हता. म्हणून तिथे कॅसिनो, हॉटेले आणि भव्य सभागृह असलेली सन सिटी उभी राहिली. जगप्रसिद्ध कलावंत तिथे गायला, की बनावट देशावर खरेपणाचा शिक्का बसे. त्यासाठीच तर घसघशीत मानधन मोजले जाई.

६/ ‘त्यांना कल्पना नव्हती’ हा बचाव टिकत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबर १९८० मध्येच सांस्कृतिक बहिष्काराचे आवाहन केले होते. ब्रिटिश वादकांच्या संघटनेचीही बंदी होती. ती मोडल्याबद्दल संघटनेने क्वीनला दंड केला; संयुक्त राष्ट्रांच्या काळ्या यादीतही बँडचे नाव गेले.

७/ दुसरा बचाव असा : प्रेक्षक मिश्र होते, ब्रायन मे सोवेटोलाही जाऊन आला, बँडने देणग्या दिल्या. हे सारे खरे आहे आणि ते सांगितलेच पाहिजे. परंतु मिश्र प्रेक्षागृह हीच तर त्या राजवटीची दर्शनी काच होती. तिथे शेजारी बसलेल्या दोघांपैकी एकाला दक्षिण आफ्रिकेत मताधिकार नव्हता.

८/ ‘कलेत राजकारण नको’ म्हणणाऱ्या आपल्याकडच्या मंडळींना एक आठवण. १९४६ साली, म्हणजे फ्रेडीच्या जन्मवर्षीच, भारताने दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडला. १९७४ साली अमृतराज बंधूंच्या संघाने डेव्हिस कपची अंतिम फेरी गाठली. समोर दक्षिण आफ्रिका होती. भारत खेळला नाही. हातातोंडाशी आलेला चषक सोडणे ज्यांना जमले, त्यांच्या तुलनेत एक दौरा नाकारणे कितीसे अवघड होते?

९/ आता २०१८ चा ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ पाहा. त्यात बँड फुटतो आणि ‘लाइव्ह एड’साठी पुन्हा एकत्र येतो. प्रत्यक्षात फेब्रुवारी १९८४ मध्ये ‘द वर्क्स’ आला होता आणि मे १९८५ पर्यंत दौरा चालू होता. कल्पित फाटाफूट नेमकी तिथे बसवली आहे, जिथे सन सिटी होती. मे आणि रॉजर टेलर या चित्रपटाच्या निर्मितीशी संबंधित होते, हेही ध्यानात ठेवावे.

१०/ या गाळणुकीने अन्याय होतो तो बहिष्कार पाळणाऱ्यांवर. १९८५ साली स्टीव्हन व्हॅन झँटने अनेक कलावंतांना एकत्र आणून सन सिटीत न गाण्याची जाहीर शपथच गाण्यातून घेतली. क्वीनचा दौरा वगळला, की त्यांचा नकारही अर्थहीन भासू लागतो.

११/ २००३ साली केप टाऊनमध्ये मंडेलांच्या एड्सविरोधी मोहिमेच्या मंचावर मे आणि टेलर उभे राहिले. सन सिटी ठाऊक असलेल्यालाच त्या क्षणाचे मोल कळेल. चूक लपवणारे चाहते आपल्या नायकांची सुधारणाही लपवतात.

१२/ येत्या १३ जुलैला चित्रफीत जरूर लावा, मीही लावीन. फक्त तिच्याखाली ‘ऑक्टोबर १९८४, सन सिटी’ एवढी एक ओळ लिहा. गाणे त्याने बेसूर होणार नाही.